खातं बंद करायलाही आधार? ॲप कंपन्यांना एका ऑनलाइनवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
ग्राहकाकडे ओळखपत्र मागणाऱ्या सर्व ॲप कंपन्यांचे व्यवस्थापक
प्रत माहितीसाठी : भारतीय डेटा संरक्षण मंडळ, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण

विषय : कामाशी संबंध नसताना आधार, पॅन आणि सेल्फी मागण्याबाबत

साहेब, मॅडम,

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूच्या एका गावात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, पीकविम्याचा फॉर्म, लाइट बिल, रेल्वेचं तिकीट अशी सगळी कामं होतात. गेल्या काही वर्षांत यात तुमच्या ॲपांची भर पडली आणि आता बाजाराच्या दिवशी निम्मी गर्दी त्यांचीच असते.

तुमच्या कागदावरचा ग्राहक हातात स्वतःचा फोन घेऊन एकटा बसलेला असतो. तो अटी वाचतो, समजून घेतो आणि 'मान्य आहे' दाबतो. आमच्याकडे फोन पोराचा असतो, सिम सुनेच्या नावावर असतं, आधार सासऱ्याचं असतं आणि 'मान्य आहे' दाबणारा मी असतो. तुम्ही ज्याला ग्राहकाची संमती म्हणता ती आमच्या गावात बहुतेक वेळा माझ्या बोटानं दिलेली असते. म्हणून हे पत्र मीच लिहावं असं वाटलं.

'आधारचा फोटो अपलोड करा' ही तुमच्यासाठी एका ओळीची सूचना आहे. इकडे त्याचं काय होतं ते सांगतो. कार्ड पिशवीतून निघतं. लॅमिनेशन उसवलेलं, घामानं पिवळं पडलेलं. माणसाच्या फोनचा कॅमेरा अंधूक, म्हणून फोटो पोराच्या फोननं काढायचा. तो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर यायचा. मी तो कॉम्प्युटरवर उतरवायचा, कापायचा, तुमच्या मर्यादेत बसेल इतका लहान करायचा आणि परत त्याच्या फोनवर पाठवायचा. मग तुमचं ॲप म्हणतं, फोटो स्पष्ट नाही. पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत त्या एका कार्डाच्या प्रती पोराच्या गॅलरीत, दोघांच्या व्हॉट्सॲपवर, माझ्या डाउनलोडमध्ये आणि पोराच्या फोनवर बॅकअप चालू असेल तर गूगलच्या ढगातही पडलेल्या असतात. मी रोज रात्री दुकान बंद करताना ते फोल्डर रिकामं करतो. सगळेच करतात असं मला वाटत नाही. कारण दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा येतो आणि 'काल दिलं होतं ना भाऊ, तेच टाक' म्हणतो.

म्हणजे तुमची सुरक्षा, तुमचं एन्क्रिप्शन सुरू होण्याआधीच कागद चार ठिकाणी सांडलेला असतो. आणि तो सांडतो कशासाठी, तर तुम्ही मागितला म्हणून.

शहरातल्या वाचकाला वाटेल, आधार नंबर कळला तर एवढं काय बिघडतं? आमच्या भागात म्हातारीकोतारी माणसं बँकेच्या शाखेत जात नाहीत, अंगठ्यावर पैसे काढतात. गावातल्या बँक मित्राच्या मशीनला आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ना पासबुक, ना पिन. अंगठ्याच्या ठशाची नक्कल करून खाती रिकामी केल्याच्या केसेस देशात झालेल्या आहेत. तिथं नंबर ही पहिली पायरी असते. बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आधारच्या ॲपमध्ये आहे, पण लॉक केलं तर बँक मित्राकडे अंगठा चालत नाही, आणि प्रत्येक वेळी ते उघडायला ओटीपी लागतो. तो ओटीपी जातो पुण्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या पोराच्या फोनवर. पोरगा शिफ्टमध्ये. म्हणून आमच्याकडे कुणी लॉक करत नाही.

आता न्यायाची गोष्ट आधी बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की याला सगळ्याच कागदांचं वावडं आहे. बँकेत खातं उघडताना, सिम घेताना ओळख पटवावी लागते, ते मला पटतं. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा असेल तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागते, आधार आणि सातबारा लागतो. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता. तो पैसा कास्तकाराच्याच खात्यात जावा आणि व्यापाऱ्यानं त्याच्या नावावर माल खपवू नये म्हणून ओळख विचारली तर तिला कारण आहे. नोंदणीत त्रास होतो तो वेगळा, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

पण तुम्ही? एका ॲपवर जुना ट्रॅक्टर पाहायचा होता. घ्यायचा नव्हता अजून, नुसता विकणाऱ्याचा नंबर पाहिजे होता. त्यासाठी पॅन मागितलं. एका नोकरीच्या ॲपनं बारावी झालेल्या पोरीला कोणत्या जागा आहेत हे दाखवायच्या आधी आधारच्या दोन्ही बाजू मागितल्या. तिच्या कार्डावर वडिलांचं नाव, गाव, वॉर्ड सगळं आहे. तो पत्ता कुठल्या कंपनीत कोण पाहतं, हे ना तिला माहीत, ना मला, आणि बहुतेक तुमच्या कस्टमर केअरलाही नाही. आमचा किराणावाला उधारी लिहिताना बापाचं नाव विचारतो, पण कुणाचा सातबारा ठेवून घेत नाही.

सगळ्यात कळस म्हणजे खातं बंद करण्याचा प्रकार. बचत गटातली एक ताई आली. खरेदीच्या एका ॲपवर तिचं खातं होतं आणि तेव्हापासून दिवसभर फोन येऊन राहिले होते, कर्ज पाहिजे का, विमा पाहिजे का. ती म्हणाली, "भाऊ, हे बंदच करून टाक." मी सेटिंगमध्ये गेलो. खातं उघडताना तिच्याकडून फक्त मोबाइल नंबर आणि ओटीपी घेतला होता. नावही कुणीतरी घाईत चुकीचं टाकलं होतं. बंद करायला मात्र आधारच्या दोन्ही बाजू आणि ते कार्ड हातात धरून काढलेली सेल्फी पाहिजे! ताई बघतच राहिली. "उघडताना तं काहीच नाही मांगलं, मंग बंद कराले काहून?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तरच नाही. थोडा विचार करा. तुमच्याकडे तिचं आधार आधी कधी नव्हतंच. मग आता दिलेलं आधार तुम्ही कशाशी जुळवून पाहणार? चुकीच्या स्पेलिंगच्या नावाशी? त्या खात्याची मालकी सिद्ध करणारी एकच गोष्ट तुमच्याकडे होती, तो मोबाइल नंबर. त्यावर ओटीपी पाठवा आणि खातं बंद करा, विषय संपला. आधार मागून ओळख तर पटत नाहीच, वर जो माणूस तुमच्या दुकानातून निघून चालला आहे त्याचा सगळ्यात नाजूक कागद जाता जाता तुमच्याकडे जमा होतो. आम्ही कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर इंग्रजीत आलं : तुमच्याच सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे. ताईनं कार्ड दिलं नाही. खातं अजून चालू आहे, फोनही चालू आहेत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ तुमच्या वकिलांनी वाचला असेलच. मी पण वाचला, सावकाश, दुकानात गिऱ्हाईक नसताना. त्यात सरळ लिहिलं आहे की संमती मोकळेपणानं, ठरावीक कामापुरती, समजून-उमजून आणि बिनशर्त दिलेली असली पाहिजे आणि त्या कामाला लागते तेवढ्याच माहितीपुरती ती धरली जाईल. संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, हेही त्यातच आहे. ताईच्या खात्याला हे लावून पाहा. कायद्यात एक उदाहरणही दिलं आहे : फोनवर डॉक्टर गाठून देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या सगळ्या नंबरांची यादी मागितली आणि माणसानं 'हो' म्हटलं, तरी उपचाराला ती यादी लागत नाही म्हणून ती संमती त्या यादीपुरती धरलीच जाणार नाही. माणसानं हो म्हटलं तरी! हे वाचून मी एकदम सरळ बसलो. म्हणजे माझ्या बोटानं दाबलेल्या त्या 'मान्य आहे'ला कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही समजता तेवढं वजन नाही.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्यातले काही जण ही मुदत संपायची वाट पाहत बसले आहेत, असं मला इकडून तरी दिसतं. कारण मागणी कमी व्हायच्या ऐवजी वाढून राहिली आहे.

आणि मुदतीचं निमित्त सगळीकडे चालत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकावर बळजबरीनं एखादी कृती लादण्याच्या प्रकारात खरेदीसाठी गरज नसताना आधार किंवा क्रेडिट कार्डाशी जोडलेली माहिती द्यायला भाग पाडणं हे उदाहरण म्हणून दिलेलं आहे. त्याच्याही आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना मोकळीक देणारा भाग रद्द झाला. पुढे कायद्यात आणि नियमांत बदल झाले, जानेवारी २०२५ मध्ये खासगी संस्थांनाही सरकारची मंजुरी घेऊन आधार पडताळणीची वाट करून दिली, हे मला माहीत आहे. पण मंजुरी घेऊन, माणसाच्या मर्जीनं पडताळणी करणं वेगळं आणि कार्डाचा फोटो मागून स्वतःच्या कपाटात ठेवणं वेगळं. तुम्ही बहुतेक जण दुसरं करता.

'आम्ही फसवणूक थांबवण्यासाठी मागतो' हे तुमचं नेहमीचं उत्तर. यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. जनावरांच्या खरेदी-विक्रीचं एक ॲप आहे. चोरीची जनावरं, खोटे फोटो, आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे विक्रेते हे प्रकार होतात. तिथं विकणारा कोण हे कळलं पाहिजे. आमच्या गावातल्या एका आजोबांना बैलजोडी विकायची होती. बैलांचे दोन फोटो ॲपला पुरले. आजोबांचे किती काढले त्याचा हिशोब नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर काळा चष्मा, आणि स्क्रीनवर इंग्रजीत सूचना : डोळे मिचकावा, मान डावीकडे वळवा, उजेड कमी आहे. माझं दुकान टिनाचं, आत अंधार. शेवटी त्यांना रस्त्यावर उन्हात उभं केलं. बाजारातली माणसं गोळा झाली. कुणी म्हणे, "आबाजी, डोये मिचकावा!" आजोबा चिडले, "बैल मले इकाचे हायेत का मी सोताले इकून रायलो?" शेवटी चेहरा जुळला नाही. कार्डावरचा फोटो जुना, तेव्हा त्यांना मिशा होत्या.

तुम्हाला खरंच ओळख पटवायची असेल तर सोय आहे ना. आधार पत्रावर क्यूआर कोड असतो. आधार प्राधिकरणाच्या ॲपनं तो वाचला की सही जुळते का, नाव-पत्ता-फोटो खरा का, हे इंटरनेट नसतानाही कळतं, आणि पूर्ण बारा अंकी नंबर त्यात उघडा पडत नाही. मास्क केलेलं आधार आहे, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. प्राधिकरणानंच ते दिलं आहे. मी ते डाउनलोड करून तुमच्या ॲपवर टाकतो, तर उत्तर येतं 'अवैध दस्तऐवज'. सरकारनं दिलेला कागद अवैध आणि सरकारनं जपून वापरायला सांगितलेला कागद वैध, हे कोणत्या हिशोबानं?

बरं, पर्याय तरी द्या. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या यादीत आधारशिवाय मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, आणि सरकारी अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्डही चालतं. जॉब कार्ड आमच्या गावात घरोघरी आहे. तुमच्या यादीत ते मला कधी दिसलं नाही. तिथं आधार असतं आणि खाली पासपोर्ट असतो. पासपोर्ट! आमच्या गावात पासपोर्ट कुणाकडे आहे ते मला विचारा, माझ्याच दुकानात फॉर्म भरले जातात.

(जाता जाता : आमच्याकडे ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता त्यांची जन्मतारीख आधारवर एक जानेवारी पडली आहे. तुमच्या ॲपांना ती मिळाल्यामुळे दर नव्या वर्षाला गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दहा टक्के सूट मिळते. एवढी माहिती गोळा करून तुम्हाला आमच्याबद्दल जे कळलं ते हे.)

फसवणुकीचं म्हणाल तर उलटा हिशोब आहे. फसवणारा स्वतःचं आधार कधीच देत नाही. तो दुसऱ्याचं देतो. ते त्याला मिळतं कुठून? अशाच सांडलेल्या प्रतींमधून. तुम्ही जितके जास्त फोटो मागाल तितका त्याचा माल वाढतो. आणि हे फक्त आमच्या फुटक्या फोनांपुरतं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीनं जगभरातल्या सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असू शकतात असं जाहीर केलं. ते कागद लोकांनी वय सिद्ध करायला दिले होते, आणि गळती कंपनीसाठी ग्राहकसेवा पाहणाऱ्या बाहेरच्या ठेकेदाराकडून झाली. एवढी मोठी कंपनी, तिची ही गत. तुमचा ठेकेदार कोण आहे, हे तुम्ही एकदा तरी ग्राहकाला सांगितलं आहे का?

कर्जाच्या ॲपांवर फार लिहीत नाही, त्याबद्दल बरंच लिहून झालं आहे. फक्त एवढं, की रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं की कर्जाच्या ॲपनं फोनमधले नंबर, कॉलची नोंद, फोटो-फाइल यांना हात लावायचा नाही. तरी माझ्या काउंटरवर परवानगी मागणारी ॲपं येतातच. पेरणीच्या तोंडावर हातउसनं पाहिजे असलेला माणूस काहीही दाबतो. त्याच्या फोनमधल्या यादीत त्याची सोयरीक, मुलीचं सासर, गावचा सरपंच सगळे असतात, आणि वसुलीचा फोन पहिल्यांदा मुलीच्या सासरी जातो.

पैशाच्या खेळांच्या ॲपांचंही असंच. पोरांनी जिंकलेले दोनशे रुपये काढायला पॅन, आधार, सेल्फी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, पैशाचे खेळ बंद झाले. आता ते कागद कुठे आहेत? ॲप फोनमधून गेलं म्हणजे सर्व्हरवरून कागद गेला असं होत नाही. एका पोरानं मला विचारलं, "भाऊ, ते वापस मांगता येते काय?" डेटा संरक्षणाच्या कायद्यात माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. पण मागायचं कुणाला? ॲपवर नाव एक, बिलावर नाव दुसरं, पत्ता तिसऱ्याच शहरातला.

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. आधार मागण्याच्या पानावरच मराठीत लिहा : कशासाठी पाहिजे, कोणत्या कायद्यानं, किती दिवस ठेवणार, कुणाला दाखवणार. कायद्यात सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत पाहता येण्याचा पर्याय सांगितला आहे, मराठी त्यात आहे. मी ती सूचना मोठ्यानं वाचून दाखवीन आणि समोरच्यानं मान हलवली तरच दाबीन. मास्क आधार घ्या, जॉब कार्ड घ्या. ओटीपीनं उघडलेलं खातं ओटीपीनं बंद होऊ द्या. आणि ज्या कामाला ओळखपत्र लागतच नाही तिथं ते पानच काढून टाका.

डेटा संरक्षण मंडळाला आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एवढंच सांगणं, की तक्रारीची सगळी रचना ईमेल आणि पोर्टलवर ठेवली तर आमच्या गावातून तक्रार येणार नाही. याचा अर्थ आमच्याकडे सगळं ठीक आहे असा लावू नका. तक्रार तोंडी, मराठीत घेण्याची सोय असावी, आणि ती नोंदवायला पुन्हा आधार लागू नये.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. बाजाराच्या दिवशी दुकानात ज्या ॲपनं कामाशिवाय आधार मागितलं त्याचा स्क्रीनशॉट काढायचा, त्या माणसाला शेजारी बसवायचं आणि त्याच्याच फोनवरून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार लिहून द्यायची. पैसे गेले असतील तर आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. याचे पैसे मी घेणार नाही. ताईच्या खात्यापासून सुरुवात करतो आहे. तिची तक्रार या शुक्रवारी जाईल.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक ऑनलाइनवाला